पाऊस कोणता, चरे कोणते?

जुनी, झिजलेली प्रिंट टॉकीजला लागली की पडद्यावर वरपासून खालपर्यंत बारीक रेघा धावायला लागायच्या. पुढच्या बाकांवरून कुणीतरी ओरडायचं, ‘आला पाऊस!’ गंमत अशी, की जपानी भाषेतही झिजलेल्या फिल्मला हेच म्हणतात. तिथेही चरे पडलेल्या फिल्मवर ‘पाऊस पडतो’. आज ज्या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे, त्याची सुरुवातच पावसाने होते, आणि तो पाऊस खरा आहे. एका पडक्या वेशीखाली तीन माणसं आडोशाला थांबली आहेत आणि बाहेर नुसता कोसळतोय. अकिरा कुरोसावा यांचा १९५० सालचा ‘राशोमोन’. या चित्रपटाची घरी बघायची तबकडी चांगली की वाईट, हे ठरवायचं तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. समोर दिसणाऱ्या रेघांपैकी पाऊस कोणता आणि चरे कोणते?

गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असेल. अरण्यात एका सामुराईचा मृत्यू होतो. दरोडेखोर, सामुराईची बायको, खुद्द मेलेला सामुराई (तो एका बाईच्या अंगात येऊन बोलतो) आणि लाकूडतोड्या असे चौघे एकाच घटनेच्या चार हकिगती सांगतात, आणि एकही दुसरीशी जुळत नाही. र्‍युनोसुके अकुतागावा या लेखकाच्या दोन कथा एकत्र करून ही पटकथा रचली गेली. एकीतून अरण्यातला प्रसंग आला, दुसरीतून ती वेस. चित्रपट जेमतेम ८८ मिनिटांचा. १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि जपानी सिनेमाकडे जगाचं लक्ष गेलं. आपल्याकडे सत्यजित राय यांनी तो कलकत्त्यात लागोपाठ तीन दिवस पाहिला, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

आता त्या पावसाबद्दल. कुरोसावा आत्मचरित्रात सांगतात, की वेशीच्या दृश्यात कॅमेरा वर रोखला की मागे ढगाळ, करडं आभाळ यायचं आणि त्यावर पाण्याच्या धारा दिसेनातच. अग्निशमन दलाच्या नळ्यांनी पाणी उडवूनसुद्धा पडदा कोरडा! मग त्यांनी पाण्यात काळी शाई कालवली. म्हणजे आपण बघतो तो पाऊस शाईचा आहे. एका करड्या रंगावर दुसरा करडा रंग उठून दिसावा म्हणून केलेला हा खटाटोप. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

अरण्यातलं काम याहून अवघड होतं. नाराजवळच्या जुन्या जंगलात आणि क्योतोजवळच्या एका देवळाच्या रानात हे चित्रण झालं. कॅमेरामन काझुओ मियागावा. त्या काळात कॅमेरा थेट सूर्याकडे रोखणं वर्ज्य मानत. मियागावांनी तो रोखला, पानांच्या जाळीतून. दाट झाडीत नटांच्या चेहऱ्यावर उजेड पुरेना, तर आरसे धरून ऊन परतवलं. त्यामुळे चेहऱ्यांवर पानांच्या सावल्या थरथरतात, घाम चमकतो, तलवारीच्या पात्यावर उन्हाचा कवडसा येतो आणि जातो. मियागावांना आपलं काम दिग्दर्शकाला पसंत पडतंय की नाही याची काळजी वाटत होती. ती त्यांनी ताकाशी शिमुरा या नटाच्या कानावर घातली. शिमुरांनी ती पोचवल्यावर कुरोसावांनी शंभरपैकी शंभर, किंबहुना शंभरावर गुण दिले. (त्या जंगलात जळवाही होत्या. झाडांवरून अंगावर पडायच्या, म्हणून मंडळी चित्रीकरणाला निघताना अंगाला मीठ चोळायची. पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

मी ‘राशोमोन’ पहिल्यांदा पाहिला तो फिल्म सोसायटीच्या खेळात, १६ मिलिमीटरच्या प्रिंटवर. अरण्य म्हणजे काळा डाग आणि त्यात पांढरी भोकं, एवढंच दिसलं. मग व्हिडिओ कॅसेट आली. व्हीएचएस कॅसेटवर चित्राचा तपशील मुळातच तोकडा, आणि आपल्या हातात पडायची ती कॅसेट बहुतेकदा कॅसेटवरून काढलेली कॅसेट. तिच्यात पानं हिरमुसून एकमेकांत मिसळत. तरीही आम्ही भारावून जायचो. पण नंतर चर्चेत मियागावांच्या छायाचित्रणाची जी स्तुती व्हायची, ती पुस्तकात वाचलेली असायची. डोळ्यांनी पाहिलेलं त्यात फार थोडं होतं.

जुन्या चित्रपटाची तबकडी कशी निघेल, हे कंपनीच्या यंत्रापेक्षा तिच्या कुळावर जास्त अवलंबून असतं. कॅमेऱ्यातून जी फिल्म निघते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून प्रिंट काढतात. प्रिंटवरून पुन्हा निगेटिव्ह काढायची, तिच्यावरून पुन्हा प्रिंट. कचेरीत झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षर जसं जाड आणि पुसट होत जातं, तसंच इथे होतं. दर पिढीला मधले करडे रंग गळतात. काळं अधिक काळं होतं, पांढरं अधिक पांढरं. शिवाय प्रत्येक पिढीचे चरे, धूळ आणि केस पुढच्या पिढीत फोटोसारखे कायमचे उमटतात. प्रिंटवरचा ताजा चरा निदान पुसून बघता येतो. फोटोत आलेला चरा हा चित्राचाच भाग होऊन बसतो.

‘राशोमोन’ची मूळ निगेटिव्ह आज अस्तित्वात नाही. ती नायट्रेट फिल्मवर होती. नायट्रेट म्हणजे ज्वालाग्राही मामला. एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षांत आकसते, चिकट होते आणि शेवटी तिची पूड होते. जगभरच्या स्टुडिओंना ही फिल्म सांभाळणं म्हणजे दारूगोळा सांभाळण्यासारखं वाटे. आपल्या पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेली आग अनेकांना आठवत असेल. तोक्योच्या फिल्म सेंटरमध्येही १९८४ च्या सप्टेंबरमध्ये आग लागून परदेशी चित्रपटांचा साठा जळाला. त्यानंतर १९८६ साली सागामिहारा इथे फिल्मसाठी खास थंड कोठारं उभी राहिली. ‘राशोमोन’ काढणाऱ्या दाईएई कंपनीची कथा तर वेगळीच. १९७१ साली तिचं दिवाळं निघालं. तिचे चित्रपट आधी तोकुमा या प्रकाशन संस्थेकडे गेले आणि २००२ साली कादोकावाकडे. घर विकताना माळ्यावरच्या ट्रंकांचं काय होतं, हे आपण सगळे जाणतो.

त्यातून हाताला लागली ती १९६२ साली थेट मूळ निगेटिव्हवरून काढलेली एक प्रिंट. तोक्योच्या फिल्म सेंटरमध्ये ती होती. मूळ निगेटिव्ह तेव्हा बारा वर्षांची. म्हणजे ही प्रिंट पहिल्या पिढीची, आईच्या पोटची. उपलब्ध असलेल्यांत हीच सर्वांत चांगली ठरली. २००८ सालच्या जीर्णोद्धाराची सगळी इमारत तिच्यावर उभी आहे. अमेरिकेतल्या ऑस्कर अकादमीचं फिल्म अर्काइव्ह, तोक्योचं फिल्म सेंटर आणि कादोकावा या तिघांनी मिळून हे काम केलं. पैसा कादोकावाच्या सांस्कृतिक प्रतिष्ठानाने आणि मार्टिन स्कोर्सेसे यांनी स्थापलेल्या फिल्म फाउंडेशनने दिला.

संगणकावरचं काम बरबँकच्या लाउरी डिजिटलकडे गेलं. या संस्थेचे जनक जॉन लाउरी. त्यांनी अपोलो मोहिमांच्या काळात चंद्रावरून येणारं मुंग्या आलेलं दूरचित्रवाणीचं चित्र स्वच्छ करण्याची युक्ती काढली होती. युक्ती ऐकायला सोपी. चित्राच्या एका चौकटीत जे आहे ते शेजारच्या चौकटींतही थोडंफार असणारच. धूळ आणि खरखर मात्र दर चौकटीत वेगळी. म्हणून शेजारपाजारच्या चौकटी ताडून पाहायच्या, टिकणारं ठेवायचं आणि उडणारं काढायचं. योगायोग असा, की २००८ सालीच ही कंपनी मुंबईच्या अनिल अंबानी यांच्या रिलायन्स समूहाने विकत घेतली. आणि २००९ साली नासाने अपोलो ११ च्या चांद्रचालीचं चित्रण स्वच्छ करायला याच कंपनीकडे दिलं. तिथेही मूळ टेप हाती नव्हत्या. दूरचित्रवाणी कंपन्यांकडे राहिलेल्या प्रतींवरून काम करावं लागलं. नील आर्मस्ट्राँगचं पहिलं पाऊल आणि मिफुनेचा दरोडेखोर, दोघेही प्रतीच्या आधाराने वाचले.

तर १९६२ ची ती प्रिंट 4के, म्हणजे रुंदीत चार हजारांच्या आसपास ठिपके, इतक्या तपशिलाने संगणकात उतरवली गेली. ८८ मिनिटं, सेकंदाला २४ चौकटी. हिशेब केला तर सव्वा लाखाहून जास्त चित्रं होतात. एवढी चित्रं हाताने पुसणं अशक्य, म्हणून आधी संगणक पुसतो आणि मग माणसं बसतात. आणि इथेच तो सुरुवातीचा प्रश्न उभा राहतो. संगणकाला कळतं एवढंच, की एक बारीक, उभी, गडद रेघ या चौकटीत आहे आणि पुढच्या चौकटीत नाही. ती चरा असेल. ती शाई घातलेल्या पाण्याची धारही असेल. पान हललं, त्याआडून ऊन लखकन चमकलं आणि विझलं, तर तो पांढरा ठिपका धुळीचा समजून उडवला जाऊ शकतो. मियागावांनी आरसे धरून मिळवलेला कवडसा एका बटणासरशी नाहीसा! पावसाची आणि रानाची दृश्यं स्वच्छ करणाऱ्यांची सर्वांत मोठी डोकेदुखी असते ती याच कारणाने. ‘राशोमोन’मध्ये या दोन गोष्टींखेरीज तिसरं ठिकाण म्हटलं तर एक न्यायालयाचं अंगण.

फिल्मचे रवाळ कण हा दुसरा वादाचा मुद्दा. जुन्या चित्रपटात पडद्यावर जी बारीक हलती रवाळी दिसते ती घाण नव्हे. चांदीच्या कणांनीच ते चित्र बनलेलं आहे. विणीशिवाय हातमागाचं कापड नाही, तसं. ती पुसली की चित्र गुळगुळीत होतं, दुकानात टीव्हीवर लावून दाखवायला छान दिसतं आणि माणसं मेणाची होतात. आपल्याकडे हेमाडपंती देवळांचा जीर्णोद्धार म्हणजे काळ्या पाषाणाला ऑइलपेंटचे दोन हात, अशी समजूत अनेक गावांत आहे. काम झाल्यावर देऊळ चकचकीत होतं, गावकरी खूश होतात आणि छिन्नीची खूण कायमची बुजते. चित्रपटांतही असे ऑइलपेंटवाले जीर्णोद्धार पुष्कळ झाले आहेत.

‘राशोमोन’चं काय झालं? अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीने हा चित्रपट आधी २००२ साली डीव्हीडीवर काढला आणि जीर्णोद्धारानंतर २०१२ साली ब्लू-रेवर. दोन्ही एकापाठोपाठ लावून बघितल्या तर फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो. लाकूडतोड्या खांद्यावर कुऱ्हाड टाकून रानात शिरतो, ते दृश्य घ्या. जुन्या तबकडीत कुऱ्हाडीचं पातं तेवढं चमकतं, मागचं रान धूसर. नव्या तबकडीत पान आणि पानामागचं पान वेगळं होतं. अरण्याला खोली येते. माणूस या रानात हरवू शकेल, असं पहिल्यांदा वाटतं. यात डीव्हीडीच्या तंत्राचाही दोष आहे. डीव्हीडी जागा वाचवते ती एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत बदललेला भाग तेवढा नोंदवून. माणूस खुर्चीत बसून बोलत असेल तर हे छान चालतं. पण वाऱ्यात हलणारं जंगल आणि कोसळणारा पाऊस यांत दर क्षणी सगळंच बदलतं. मग तंत्राची दमछाक होते आणि पानांचे चौकोनी तुकडे पडतात.

मला स्वतःला त्या ब्लू-रेतली सर्वांत जमलेली गोष्ट वाटते ती वेशीवरचं आभाळ. तिथे करड्यावर करडा पाऊस दिसतो आणि त्याची प्रत्येक धार शाबूत आहे. काही जागी पुसट चरे राहिलेत, उजेड किंचित थरथरतो. तेवढं राहू दिलं हे मला पटतं. ते काढायच्या नादात पाऊस गेला असता.

आवाजाचंही हेच त्रांगडं आहे, आणि रेडिओ ऐकणाऱ्यांना ते लवकर समजेल. जुन्या फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी असते. ती झिजली की सतत सूं असा आवाज येतो. तो काढायची यंत्रं आहेत. पण डोळे मिटून जोराचा पाऊस ऐका, तोही सूं असाच असतो! यंत्राला सांगितलं की खरखर काढ, तर ते पावसालाही हात घालतं. आणि वेशीच्या दृश्यांत पाऊस थांबला की शांतता पसरते, तिच्यावर चित्रपटाचा शेवट उभा आहे. आधी पाऊस नीट ऐकूच आला नाही, तर त्याचं थांबणं कानाला कसं कळणार?

एक प्रश्न मात्र कुठल्याही यंत्राने सुटत नाही. स्वच्छ झालेलं चित्र किती गडद ठेवायचं? १९५० साली तोक्योत पहिल्या खेळाला बसलेल्या माणसाने पाहिलेला काळा रंग नेमका किती काळा होता? ज्यांनी तो ठरवला त्यातले कुरोसावा १९९८ च्या सप्टेंबरमध्ये गेले, मियागावा १९९९ च्या ऑगस्टमध्ये. जीर्णोद्धार झाला २००८ साली. मूळ निगेटिव्ह नाही आणि विचारायला माणूसही नाही. १९६२ ची प्रिंट साक्ष देते, पण ती बारा वर्षांनंतरची साक्ष. प्रयोगशाळेत त्या दिवशी प्रिंट काढणाऱ्याने दिवा किती तेज ठेवला, यावरही ती अवलंबून. चार साक्षीदारांच्या चित्रपटावर ही पाळी यावी, हे जरा अतिच झालं.

मियागावांच्याच दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी हे थोडं सुधारलं. केन्जी मिझोगुची यांचा १९५३ सालचा ‘उगेत्सु’ २०१६ साली फिल्म फाउंडेशन आणि कादोकावा यांनी 4केमध्ये नव्याने उभा केला. त्या वेळी मासाहिरो मियाजिमा यांना सल्लागार म्हणून घेतलं होतं. मियागावांच्या हाताखाली अनेक वर्षं कॅमेऱ्यावर काम केलेले हे गृहस्थ. धुक्यातून होडी येते त्या दृश्यात धुकं किती पांढरं असावं, हे त्यांना आपल्या गुरूच्या सवयींवरून सांगता येत होतं. आपल्या संगीतात बंदिश कागदावर असते आणि तिची चाल गुरूच्या गळ्यातून शिष्याकडे येते, तसाच हा प्रकार. अशी माणसं जगभरात मोजकी आहेत, आणि तीही वयस्कर.

तुम्ही म्हणाल, ही सगळी विक्रीची क्लृप्ती आहे. दर दहा वर्षांनी तोच चित्रपट नव्या वेष्टनात विकायचा. संशय अगदीच खोटा नाही. कुरोसावांचाच ‘सेव्हन सामुराई’ घ्या. क्रायटेरियनने तो डीव्हीडीवर १९९८ साली काढला, २००६ साली तीन तबकड्यांचा संच करून पुन्हा काढला, २०१० साली ब्लू-रे आणि २०२४ साली 4के तबकडी. चार वेळा तोच चित्रपट! पण त्याचीही मूळ निगेटिव्ह हरवली आहे, आणि मधल्या काळात, २०१६ साली, तोहो कंपनीने जपानमध्ये त्याचा 4के जीर्णोद्धार केला, हे विसरून चालणार नाही. काही वेळा वेष्टन तेवढंच नवं असतं, काही वेळा आतलं चित्रच नवं असतं. कोणतं काय, हे ओळखायची जागा म्हणजे तबकडीच्या वेष्टनाची मागची बाजू. तिथे ‘4के’ असं ठळक छापलेलं असतं ते सोडून द्या. चित्र कोणत्या फिल्मवरून घेतलं, कोणत्या सालच्या, आणि काम कोणी केलं, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे का ते पाहा. लिहिलेलं नसेल तर पैसे खिशातच ठेवलेले बरे.

तबकडी चांगली मिळाली तरी घरचा टीव्ही तिची वाट लावू शकतो. ‘राशोमोन’चं चित्र जवळजवळ चौकोनी आहे, त्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. पुष्कळ घरांत ते पट्टे बघून कुणीतरी रिमोट उचलतं आणि चित्र ताणून पडदाभर करतं. मग तोशिरो मिफुनेसारखा सडसडीत, वाघासारखा माणूस हलवायासारखा दिसू लागतो. पट्टे राहू द्यावेत. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, कारण तीही शेजारच्या चौकटी ताडून मधल्या चौकटी मनाने भरते. चित्राची धार वाढवणारा आकडा अगदी खाली आणावा. आणि खोलीतला दिवा मालवावा. नाहीतर शाईचा तो करडा पाऊस करड्या आभाळात पुन्हा विरघळतो, आणि तिघंजण वेशीखाली नुसतेच थांबलेले दिसतात.